मानसोपचार-शिक्षणात बहिःस्थ परीक्षकाचे स्थान

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना वाटेत तामलवाडी लागते. अशा गावातील शेतकऱ्याने विहीर खणावयास दिली, तर पाणी लागले की नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. औषधाने ताप उतरला की नाही, हेही घरच्यांना कळते. परंतु मन खचलेला माणूस समुपदेशकासमोर बसून चार आठवडे बोलला आणि तरीही त्यास उभारी आली नाही, तर उणीव उपचारात होती की दुखणेच हट्टी होते, हे त्याला ठरविता येत नाही. बहुधा तो स्वतःलाच दोष देतो. संवादाद्वारे केल्या जाणाऱ्या मानसोपचारात रुग्णाला उपचारकाची पारख करता येत नाही. म्हणून ती आधीच, शिक्षणाच्या काळातच, कोणीतरी करून ठेवावी लागते. बहिःस्थ परीक्षकाचे प्रयोजन ते हेच.

धाराशिव जिल्ह्यास हा प्रश्न दूरचा नाही. २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तेव्हा उस्मानाबाद जिल्हा (नाव २०२३ मध्ये बदलले) त्यात समाविष्ट होता. २०२२ च्या ऑक्टोबरपासून 'टेलि-मानस' योजनेत १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून सल्ला मिळू लागला. सोय वाढली, की ती देणाऱ्यांच्या तयारीचा प्रश्नही मोठा होतो.

शिक्षकवर्गास बहिःस्थ परीक्षक अपरिचित नाही. शालान्त प्रात्यक्षिकांच्या वेळी दुसऱ्या शाळेतून येणारे शिक्षक सर्वांनी पाहिलेले असतात. इंग्लंडमध्ये १८३२ साली डरहॅम विद्यापीठ निघाले, तेव्हा नव्या पदवीला वजन यावे म्हणून ऑक्सफर्डचे परीक्षक बोलाविले जात. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ तर प्रारंभी केवळ परीक्षाच घेई. शिकविणे हे महाविद्यालयांचे काम होते. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाचा मार्ग मोकळा झाला. शिकविणारा आणि तपासणारा एकाच छपराखाली आल्यावर बाहेरच्या डोळ्याची गरज अधिकच भासू लागली.

मानसोपचारात ही गरज विशेष तीव्र आहे. येथील काम बंद दाराआड चालते. प्रशिक्षणार्थी मार्गदर्शकाजवळ आपल्या रुग्णांविषयी बोलतो आणि ओघाने स्वतःच्या भीतीविषयी, रागाविषयीही बोलतो. दोन वर्षांत दोघांत जिव्हाळा तरी निर्माण होतो किंवा अढी तरी बसते. शिवाय विद्यार्थ्याची चूक ही काही अंशी मार्गदर्शकाचीच चूक असते, आणि आपल्या चुकीचा निवाडा आपणच करणे कोणालाही अवघडच.

१९९२ च्या कायद्यान्वये काम करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्राचा दोन वर्षांचा एम्. फिल्. अभ्यासक्रम आखला. त्यात परीक्षक मंडळावर अंतर्गत परीक्षकाबरोबर बहिःस्थ परीक्षकही असे. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या उपचारांच्या पाच सविस्तर नोंदी, त्यांपैकी एक बालरुग्णाची, सादर करावयाच्या असत. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा वेगळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम्. फिल्. ही पदवी बंद करण्याचे ठरविले आणि या शाखेपुरती काही मुदत वाढवून दिली. पदवीचे नाव कोणतेही असो, तपासणीचे मर्म तेच राहते.

तोंडी परीक्षेत जाणता परीक्षक व्याख्या विचारीत बसत नाही. रुग्णाने मरणाचा विषय काढला, तेव्हा आपण काय विचारले? घरच्यांना कळविले काय, आणि रुग्णास सांगून की न सांगता? तिसऱ्या बैठकीनंतर तो आलाच नाही, याचा आपण काय अर्थ लावला? प्रत्येक बैठकीत सुधारणाच दाखविणारी गुळगुळीत नोंद अनुभवी परीक्षकास संशयास्पद वाटते. उलट, फसलेला उपचार प्रामाणिकपणे मांडणारा विद्यार्थी उत्तीर्ण होण्यास योग्य ठरू शकतो. रुग्णाचे नाव-गाव मात्र नोंदीत ओळखू येता कामा नये.

केवळ लेखी नोंदीवर विसंबणे धोक्याचे आहे, हे पूर्वीच ध्यानात आले. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका रुग्णाच्या सर्व बैठकींचे ध्वनिमुद्रणावरून उतरविलेले संभाषण छापले. बोधात्मक उपचारपद्धतीत तर ध्वनिमुद्रित बैठक ऐकून बारा बाबींवर प्रत्येकी शून्य ते सहा गुण देण्याची श्रेणी वापरली जाते. ७२ पैकी ३६ गुण ही पात्रतेची प्रचलित मर्यादा. अर्थात ध्वनिमुद्रणास रुग्णाची संमती अनिवार्य होय.

भाषेची एक अडचण येथे सहसा लक्षात घेतली जात नाही. तुळजापूर तालुक्यातील स्त्री 'जीव घाबरा होतो', 'काळजात धस्स होतं' असे सांगते. विद्यार्थी ते इंग्रजीत एका तांत्रिक शब्दात गुंडाळतो आणि परराज्यातून आलेला परीक्षक तो शब्द वाचतो. मूळ बोलण्याला उपचारकाने योग्य प्रतिसाद दिला की नाही, हे त्याला कसे कळावे? नोंदीत रुग्णाचे मूळ मराठी शब्द ठेवणे आणि परीक्षक मंडळावर निदान एक मराठी जाणणारा असणे, एवढे तरी सहज करता येईल.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. परीक्षक येतो एक-दोन दिवसांसाठी. परस्परांच्या विभागांत परीक्षक म्हणून जाणाऱ्यांत कठोर होण्याचा संकोचही असतो. ब्रिटनमध्ये त्याची मुदत साधारणतः चार वर्षांची असते आणि त्याने संस्थेस लेखी अहवाल द्यावयाचा असतो. येथेही गुणपत्रिकेपलीकडे असा अहवाल मागण्यास हरकत नसावी.

खरी उणीव मात्र याच्या खालच्या पायरीवर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची पात्रता स्पष्ट केलेली आहे. 'समुपदेशक' या शब्दाचे तसे नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्य समुपदेशकांच्या काही वर्गांना नियमनाच्या कक्षेत आणले आहे. तरीही अल्प मुदतीच्या अनेक वर्गांत शिकविणारा, तपासणारा आणि प्रमाणपत्रावर सही करणारा एकच असतो. शाळेसाठी किंवा गावातील शिबिरासाठी समुपदेशक नेमताना मुख्याध्यापक व पंचायत सदस्य प्रमाणपत्र पाहतात. त्याबरोबरच उमेदवाराने प्रत्यक्ष किती रुग्ण कोणाच्या देखरेखीखाली पाहिले, आणि संस्थेबाहेरच्या कोणी त्याची परीक्षा घेतली होती काय, हे दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नेमणुकीच्या कागदावर नोंदवून घेता येतात.