गुप्तहेर कथामालेचा समारोप : स्वरूप आणि निकष

प्रास्ताविक

रहस्यकथा हा शेवटावर उभा असलेला कथाप्रकार आहे. गुन्हा घडतो, संशयित समोर येतात, दुवे जुळत जातात आणि अखेरच्या प्रकरणात गुन्हेगाराचा मुखवटा गळून पडतो. वाचकाला मिळणारे समाधान मुख्यतः या उकलीत असते. परंतु एकच गुप्तहेर वर्षानुवर्षे अनेक पुस्तकांतून वाचकांच्या भेटीस येऊ लागला की एक निराळाच पेच उभा राहतो. प्रत्येक पुस्तक स्वतःपुरते पूर्ण असल्यामुळे मालिकेला शेवट असण्याचे काही कारणच उरत नाही. पुढचा गुन्हा केव्हाही घडू शकतो आणि पुढचा अशील केव्हाही दार ठोठावू शकतो. म्हणूनच अशा मालिका बहुधा संपत नाहीत. लेखकाच्या कंटाळ्याने किंवा निधनाने त्या केवळ थांबतात.

खासगी गुप्तहेराच्या बाबतीत हा पेच अधिक तीव्र होतो. पोलीस अधिकाऱ्याला निवृत्तीचे वय असते, वरिष्ठ असतात, बढती आणि बदली असते. खासगी गुप्तहेराला यांपैकी काहीही नसते. कोणते प्रकरण स्वीकारावयाचे, सत्य हाती आल्यावर ते कोणाला सांगावयाचे आणि कोणाला सांगावयाचे नाही, हे तो स्वतःच्या तत्त्वानुसार ठरवितो. हे तत्त्व हाच त्याच्या अधिकाराचा एकमेव आधार होय. अशा कथामालेचा समाधानकारक शेवट या तत्त्वाच्या कसोटीतून घडतो, केवळ नायकाच्या मृत्यूमुळे किंवा निवृत्तीमुळे घडत नाही, हे प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध कथामालांच्या आधारे स्पष्ट करावयाचे आहे. विवेचनाच्या ओघात काही पुस्तकांचे शेवट उघड करणे अपरिहार्य आहे.

बाहेरून आणलेला शेवट : शेरलॉक होम्स

आर्थर कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स १८८७ मध्ये प्रथम अवतरला. १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकातील कथांनी त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. मात्र होम्समुळे आपले अधिक मोलाचे लेखन, विशेषतः ऐतिहासिक कादंबऱ्या, मागे पडत आहेत अशी डॉइल यांची धारणा झाली. डिसेंबर १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द फायनल प्रॉब्लेम' या कथेत त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यात प्राध्यापक मॉरिआर्टीसह मृत्यू दिला. वाचकांची नाराजी तीव्र होती. १९०१-०२ मध्ये 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही मृत्यूपूर्व काळातील कादंबरी आली आणि १९०३ मध्ये 'द एम्प्टी हाउस' या कथेत होम्स जिवंत परतला.

या शेवटाच्या अपयशाचे खापर केवळ वाचकांच्या हट्टावर फोडता येणार नाही. त्याचे एक कारण कथेच्या रचनेतही सापडते. त्यापूर्वीच्या दोन कादंबऱ्या व वीसहून अधिक कथा यांत मॉरिआर्टीचे नावही आलेले नव्हते. समाजाला त्याच्यापासून मुक्त करण्यासाठी प्राण देण्याची होम्सची तयारी कथेत दाखविली आहे. तथापि ज्या निरीक्षणशक्तीवर व तर्कपद्धतीवर ही मालिका उभी होती, त्यांची येथे कसोटी लागत नाही. शेवट घडवून आणण्यासाठीच शत्रू निर्माण केला गेला. शिवाय वॉटसनने मृत्यू प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पुराव्याशिवाय काहीही मान्य करू नये, हेच ज्या मालिकेने वाचकाला शिकविले, त्या मालिकेने अखेरीस प्रेत न दाखविता मृत्यू मान्य करावयास सांगितले. वाचकाने तो मानला नाही, यात नवल नाही.

याउलट १९१७ मधील 'हिज लास्ट बो' ही कथा समारोपाच्या दृष्टीने अधिक सरस आहे. वॉटसनऐवजी तृतीयपुरुषी निवेदन, ससेक्समध्ये मधमाश्या पाळणारा साठीचा होम्स, पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर देशासाठी केलेली अखेरची कामगिरी आणि दोन वृद्ध मित्रांचा संवाद यांतून एका युगाचा अस्त सूचित होतो. त्यानंतर १९२१ ते १९२७ या काळात आणखी १२ होम्सकथा प्रसिद्ध झाल्या, परंतु त्यांचा कथाकाळ १९१४ पूर्वीचा आहे. त्यामुळे होम्सच्या आयुष्यक्रमात हीच कथा शेवटची राहते. मालिकेचा शेवट प्रकाशनक्रमापेक्षा कथाकाळाच्या क्रमाने अबाधित राखता येतो, असा महत्त्वाचा निष्कर्ष यावरून निघतो.

आतून उमललेला शेवट : हर्क्युल पायरो

अगाथा ख्रिस्ती यांनी हे तंत्र जाणीवपूर्वक वापरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, त्यांनी पायरोची अखेरची कादंबरी 'कर्टन' लिहून सुरक्षित ठेवली आणि तिचे हक्क आपल्या मुलीच्या नावे केले. त्यानंतर सुमारे ३० वर्षे त्या पायरोच्या नव्या कथा लिहीत राहिल्या. 'कर्टन' १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर पायरोचे मृत्युवृत्त छापले. जानेवारी १९७६ मध्ये ख्रिस्ती यांचे निधन झाले. लेखणीला थकवा येण्यापूर्वी शेवट लिहिला गेला, हा या योजनेचा मोठा लाभ होय.

पायरोची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' १९२० मध्ये आली. 'कर्टन'चे कथानक त्याच स्टाइल्स वाड्यात घडते. मात्र वाड्याचे आता पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठीच्या निवासगृहात रूपांतर झालेले आहे. पायरो चाकांच्या खुर्चीत आहे. १९३७ मधील 'डम्ब विटनेस'नंतर कादंबऱ्यांतून दिसेनासा झालेला त्याचा मित्र हेस्टिंग्ज येथे पुन्हा निवेदक म्हणून येतो. या पुनर्भेटींमुळे मालिकेचे वर्तुळ पूर्ण होते. परंतु या कादंबरीचे खरे सामर्थ्य तिच्या नैतिक पेचात आहे.

येथील गुन्हेगार नॉर्टन स्वतः कधीच खून करीत नाही. माणसाच्या मनातील राग, मत्सर वा भीती हेरून, मोजक्या शब्दांनी ती चेतवून, तो इतरांना खुनास प्रवृत्त करतो. त्याच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात पुरावा उभा राहू शकत नाही. सरळमार्गी हेस्टिंग्जही त्याच्या प्रभावाखाली एका माणसाला विष देण्याच्या टोकाला पोहोचतो. पायरोची सारी कारकीर्द खुनाला कोणत्याही कारणाने मान्यता न देण्यावर उभी आहे. आता पुढचे खून रोखावयाचे तर त्याला स्वतःलाच खून करावा लागणार आहे. तो नॉर्टनला ठार करतो आणि नंतर हृदयविकाराचे औषध जवळ न ठेवता मृत्यूला सामोरा जातो. चार महिन्यांनी हेस्टिंग्जच्या हाती पडलेल्या पत्रातून सत्य उलगडते. आपण केले ते योग्य होते की नाही, याचा निवाडा पायरो स्वतः करीत नाही.

या पेचाची बीजे मालिकेत आधीच पेरलेली होती. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९३४) मध्ये पायरो खरी उकल सांगूनही पोलिसांसाठी खोटी उकल पुढे करू देतो. कायदा आणि न्याय यांतील अंतर तेथे इतरांच्या कृत्याच्या संदर्भात दिसले होते. 'कर्टन'मध्ये ते पायरोच्या स्वतःच्या कृत्यात उतरते. नॉर्टनच्या कपाळावर अगदी मध्यभागी लागलेली गोळी हा पायरोच्या नीटनेटकेपणाच्या ध्यासाचा पुरावा ठरतो. ज्या लकबीला वाचक ५५ वर्षे हसत आला, तीच अखेरीस त्याच्याविरुद्धचा दुवा बनते. वाचकाला धक्का बसतो, पण फसवणूक झाल्याची भावना होत नाही.

अपुरे राहिलेले शेवट

शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ पासून बंगाली वाचकांसमोर आला. स्वतःला तो गुप्तहेर न म्हणता सत्यान्वेषी म्हणवितो. शरदिंदू १९३८ मध्ये चित्रपटलेखनासाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. दीर्घ खंडानंतरच्या बहुसंख्य ब्योमकेशकथा त्यांच्या पुण्यातील वास्तव्यातील आहेत. ब्योमकेश विवाह करतो, संसारी होतो, प्रौढ होतो. अखेरच्या काही कथांत त्याचा मित्र अजित निवेदक राहत नाही. १९७० मध्ये शरदिंदू यांचे निधन झाले तेव्हा 'बिशुपाल वध' ही कथा अपूर्ण होती. तरीही ब्योमकेशचा वाचक पूर्णतः वंचित राहत नाही, कारण नायकाचे आयुष्य कथाक्रमात पुढे सरकलेले असते. त्या एका कथेचे रहस्य अनुत्तरित राहते; ब्योमकेश कोण होता हे मात्र वाचकाला पुरते उमगलेले असते.

अमेरिकन लेखिका सू ग्राफ्टन यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. किन्सी मिलहोन या खासगी गुप्तहेर स्त्रीची त्यांची मालिका १९८२ मध्ये इंग्रजी वर्णमालेच्या 'ए' या अक्षराने सुरू झाली. शेवट कोठे होणार हे वाचकाला पहिल्याच शीर्षकापासून ठाऊक होते. २०१७ मध्ये 'वाय'चे पुस्तक आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लेखिकेचे निधन झाले. दुसऱ्याच्या हातून अखेरचे पुस्तक लिहवून घेणे त्यांना मान्य नव्हते. वर्णमाला 'वाय'पाशीच संपली, असे कुटुंबीयांनी जाहीर केले. येथे वाचकाला दिलेले वचन अपुरे राहिले. तरीही नायिकेशी आणि तिच्या निर्मातीशी प्रामाणिक राहण्याचा हा निर्णय बहुसंख्य वाचकांना समजण्याजोगा होता.

समाधानकारक समारोपाचे निकष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निकष हाती येतात. पहिला, शेवटच्या प्रकरणात गुप्तहेराच्या तत्त्वाचीच परीक्षा व्हावी आणि तिची किंमत त्याने स्वतः मोजावी. दुसरा, या परीक्षेची सामग्री मालिकेत आधीपासून असावी. अखेरच्या क्षणी निर्माण केलेला शत्रू ती पुरवू शकत नाही. तिसरा, निवेदक मित्राचे स्थान निश्चित व्हावे, कारण वाचक गुप्तहेराला त्याच्याच डोळ्यांनी पाहत आलेला असतो. चौथा, रहस्याची उकल संपूर्ण असावी, परंतु नैतिक प्रश्नाचे उत्तर वाचकाकडे सोपविण्यास हरकत नाही. पाचवा निकष व्यावहारिक आहे : शेवट लेखकाची शक्ती शाबूत असताना लिहिला जावा.

मृत्यू ही यांपैकी कोणत्याही निकषाची अट नाही. ख्रिस्ती यांचीच 'स्लीपिंग मर्डर' ही मिस मार्पलची अखेरची प्रकाशित कादंबरी (१९७६) नायिकेला जिवंत ठेवते. परंतु ती मार्पलच्या इतर प्रकरणांसारखेच एक प्रकरण असल्याने समारोपाचा परिणाम साधत नाही.

समारोप

रहस्यकथेचे प्रत्येक पुस्तक 'खून कोणी केला' या प्रश्नाचे उत्तर देते. दीर्घ मालिकेच्या अखेरीस वाचक वेगळाच प्रश्न मनात घेऊन येतो : इतकी वर्षे ज्याच्या निवाड्यावर आपण विश्वास ठेवला, तो माणूस त्या विश्वासास पात्र होता काय? रायखेनबाख येथे हा प्रश्न विचारलाच गेला नाही. म्हणून होम्सला परत यावे लागले. स्टाइल्समध्ये तो विचारला गेला आणि त्याचे उत्तर देताना पायरोने आपली सारी कारकीर्द पणाला लावली. म्हणून त्याला परत बोलाविण्याची गरज त्या मालिकेला उरली नाही.