आफ्रिकेचा मासा आणि आपल्या विहिरीचं पाणी



आमच्या गटातल्या एका ताईंनी हौसेने काचेची टाकी आणली. त्याच दिवशी विहिरीचं पाणी भरून सहा पिवळे-निळे मासे सोडले. आठ दिवसांत चार मेले. "दुकानदारान फसवल्यान माका," ताई म्हणाल्या. पण मासे धडधाकट होते. चुकलं होतं पाणी.

हे मासे सिक्लिड कुळातले, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. तिथलं पाणी जड, क्षारांचं; पीएच साधारण ७.८ ते ८.६. आपल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ. साबणाला चटकन फेस येतो, डाळ लवकर शिजते. आपल्याला ते गोड, पण त्याचा पीएच बहुतेकदा सातच्या खाली. पावसाळ्यात ते आणखी मऊ होतं. म्हणून आधी पाणी तपासा, मग मासे घ्या. पीएच तपासायची बाटली मत्स्यटाकीच्या दुकानात मिळते.

उपाय आपल्या परसातच आहे. तिसऱ्या खाऊन आपण शिंपले टाकून देतो. पूर्वी तेच भाजून चुना काढत. हे शिंपले उकळा, घासून धुवा, उन्हात वाळवा आणि टाकीत किंवा फिल्टरमध्ये ठेवा. ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड होतं. पानाचा चुना मात्र कधीही टाकू नका. पीएच एकदम चढतो आणि मासे दगावतात.

दुसरी गोष्ट, टाकी भरल्या दिवशी मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून चिमूटभर खाद्य टाकत राहा. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवा.

हे मासे भांडखोर. टाकी निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच हवी. तिच्यात सुमारे अडीचशे लिटर पाणी मावतं. टीपॉयवर ठेवाल तर मोडेल. काळे दगड रचून लपायला कपारी करा. एका नराबरोबर तीन-चार माद्या ठेवा. खाद्य शेवाळयुक्त द्या, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. वीज गेली तर हवेसाठी बॅटरीवरचा पंप घरात असू द्या.

यांची मादी अंडी तोंडात धरते. साधारण तीन आठवडे, पिल्लं पोहू लागेपर्यंत, ती जवळजवळ उपाशी राहते. त्या काळात तिला वेगळ्या टाकीत शांत ठेवा.

पिल्लं विकायचा विचार असेल, तर आधी गिऱ्हाईक शोधा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांचाही समावेश झाला आणि महिलांसाठी ६० टक्के अनुदान ठेवलं गेलं. सध्या काय मिळतं, ते मालवणच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं. मासे नकोसे झाले तरी विहिरीत, व्हाळात, खाडीत सोडू नका. चिलापीही आफ्रिकेचा सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला, आणि आज तळ्यातळ्यात तोच दिसतो. तिथल्या मूळ माशांचं खाणं आणि जागा त्याने घेतली. आपल्या खाडीतला चविष्ट काळुंदरही सिक्लिडच, पण आपल्या मातीतला. परक्या पाहुण्याने त्याचं घर बळकावू नये. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर मैत्रिणीला द्या.

आमच्या ताईंनी टाकी रिकामी केली नाही. वाचलेले दोन मासे दुकानदाराकडे ठेवले, शिंपले उकळले, महिनाभर थांबल्या. आता टाकीत सात मासे आहेत, आणि एका मादीचं तोंड फुगलंय.