तुसाने ठेवलेली भोकं

बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या उत्तर टोकाला रस्त्याच्या एका बाजूला पोर्सिलेनचा जुना कारखाना आहे, म्हैसूर संस्थानच्या काळातला आणि पुढे ‘भेल’ या सरकारी कंपनीकडे गेलेला. विजेच्या इन्सुलेटरमध्ये एकही छिद्र चालत नाही. समोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ज्या चुलीवर काम झालं, तिच्या मातीला मात्र छिद्रंच हवीत. हे कळायला सगळ्यांनाच वेळ लागला.

1974 मध्ये अमूल्य रेड्डींनी संस्थेत ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा केला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून ‘अस्त्र ओले’ ही चूल आली. बंद जळणकक्ष, खाली जाळी, वर तीन भांडी, मागे धुराडं. प्रयोगशाळेत कार्यक्षमता 40 टक्क्यांच्या घरात. उघड्या चुलीची त्याहून कितीतरी कमी. पण अंग जाड मातीचं. एका वेळच्या स्वयंपाकात बरंच जळण ती माती तापवण्यातच खपतं. माती ऊब धरते म्हणून ती उष्णता अडवते, असं आपण धरून चालतो. खरं तर जड माती उष्णता पिते. 1983 ते 2002 च्या राष्ट्रीय चूल कार्यक्रमातही अशा मातीच्या चुली गावोगाव बसल्या.

कुंभार मातीत लीद, राख, तूस घालतोच, पण बेताने, भांडं वाळताना तडकू नये म्हणून. चुलीच्या आतल्या भिंतीला हव्या असलेल्या उष्णतारोधक विटेत तूस किंवा लाकडाचा भुसा मापाने मातीइतका, कधी जास्तही पडतो. भट्टीत तो जळतो आणि जागेवर कोंडलेली हवा उरते. हवेतून उष्णता फार सावकाश सरकते. तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख होऊन मागे राहतो. ती बहुतेक सिलिका, म्हणजे स्वतःच ताप सोसणारी. भुसा चाळून बारीक घ्यावा, कारण भोकं मोठी झाली की तापलेल्या भिंतीची उष्णता किरणांनी पलीकडे जाते. आणि भुसा घालताना हात सैल सोडला, तर लाकडाच्या एका ढुशीने वीट ढासळते.

भारतीय विज्ञान संस्थेनेच ब्रिटिश पेट्रोलियमसाठी घडवलेली ‘ऊर्जा’ ही चूल 2006 च्या सुमारास बाजारात आली: पंख्याची, पेलेटवर (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्यांवर) चालणारी, आतून सिरॅमिकचं अस्तर. 2009 मध्ये ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेली. महाराष्ट्र-कर्नाटक धरून चारेक लाख खपल्या. भिंतीचा प्रश्न सुटला होता, पेलेटचा नाही. शेतातल्या काडीकचऱ्याला कारखान्यांकडून गिऱ्हाईक मिळालं, पेलेट महागले आणि चुली अडगळीत गेल्या. साळीच्या तुसालाही आता बॉयलरवाले भाव देतात.