शरीरसौष्ठवातील पोझ : नाव आणि अर्थ

'बॉडीबिल्डिंग' या इंग्रजी शब्दात शरीर घडविण्याच्या श्रमाचा निर्देश आहे. त्याच्या जागी मराठीत रूढ झालेल्या 'शरीरसौष्ठव' या शब्दात श्रमाचा मागमूसही नाही. 'सुष्ठु' म्हणजे चांगले, यथायोग्य. त्यावरून 'सौष्ठव' हे भाववाचक नाम सिद्ध होते. परंतु भरताच्या नाट्यशास्त्रात, चारींच्या विवेचनात, या शब्दाला पारिभाषिक अर्थ आहे. तेथे सौष्ठव म्हणजे उंचावलेली छाती व स्थिर अंग अशी शरीराची विशिष्ट ठेवण होय. मराठी शब्द योजणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता असे मला म्हणावयाचे नाही. तथापि शब्द नेमका पडला आहे, कारण या स्पर्धेत परीक्षण होते ते शरीराचे, पण ते धरून दाखविल्यावाचून होत नाही.

हे दाखविणे आरंभापासूनच शिल्पाशी निगडित होते. यूजेन सँडो हा रंगभूमीवर प्राचीन पुतळ्यांच्या आविर्भावात उभा राही. त्याने 14 सप्टेंबर 1901 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी स्पर्धा भरविली, तेव्हा त्याच्यासमवेत परीक्षक म्हणून चार्ल्स लॉज हे शिल्पकार व आर्थर कॉनन डॉइल हे लेखक बसले होते. 1904-05 च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला.

आज आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पुरुषांच्या हौशी स्पर्धांत सात पोझ अनिवार्य आहेत. ('स्थान' या संस्कृत शब्दापासून आलेला 'ठाण' हा आपला जुना शब्द हाताशी असता 'पोझ' का रुजला, हा निराळा प्रश्न आहे.) त्यांची नावे बहुधा दिशा, स्नायू व क्रिया यांच्या जोडणीने बनली आहेत, आणि नवशिक्याची फसगत येथेच होते. 'बॅक डबल बायसेप्स' हे नाव घ्या. स्पर्धक परीक्षकांकडे पाठ करून दोन्ही दंड वर उचलून वळवितो, एक पाय मागे घेऊन चवड्यावर टेकवितो. नावात दंड आहेत. परंतु परीक्षक पाहतात ती प्रामुख्याने पाठ, मांडीचा मागील भाग आणि टाच उचलल्याने उठून दिसणारी पोटरी. हात काय करतात त्यावरून नाव पडले, पाहावयाचे काय त्यावरून नव्हे. नावावर विसंबून जो केवळ दंड आवळतो आणि पाय सैल सोडतो, त्याची वर्षभराची मेहनत त्या काही क्षणांपुरती अदृश्य होते. 'साइड चेस्ट'मध्येही छातीइतकाच मांडी व पोटरीचा विचार होतो. सर्वांत फसवे नाव मात्र 'रिलॅक्स्ड' उभे राहण्याचे. पाव-पाव वळण घेत चारही बाजू दाखविताना शरीर क्षणभरही सैल नसते.

पोझ ठरावीक का असाव्यात, याचे उत्तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन सापडावे. 'ट' आणि 'ठ' हे मराठीत भिन्न स्वनिम आहेत हे दाखवावयाचे तर आपण 'पाट' व 'पाठ' अशी जोडी घेतो. बाकी सारे समान ठेवले म्हणजे भेद उघडा पडतो. पाच स्पर्धक एकाच वेळी कमरेवर हात ठेवून खांद्याची पाती बाहेर ओढतात व पाठीचे रुंद स्नायू पसरवितात, तेव्हा परीक्षकही हेच साधीत असतात. उंच हाडापेराचा आणि ठेंगणा, दोघांची पाठ एकाच मांडणीत वाचता येते.

संगीताच्या साथीने साठ सेकंद होणाऱ्या स्वतंत्र सादरीकरणात ही तुलना सुटते. तेथे एका पोझेतून दुसरीत जाण्याची वाट महत्त्वाची ठरते, आणि चतुर स्पर्धक आपले उणे अंग त्या वाटेत झाकून नेतो. अनिवार्य फेरीत ती सोय नाही.

पोझ ही आयती शोभा आहे, असा जो समज आढळतो तो मला मान्य नाही. स्नायू हालचाल न करता पूर्ण आवळून धरणे हे कष्टाचे काम आहे. पंचांनी तुलना लांबविली की मांड्या थरथरू लागतात, श्वास तुटतो, आणि तरीही चेहरा शांत ठेवावा लागतो. म्हणूनच जाणते शिक्षक स्पर्धेच्या कितीतरी आठवडे आधीपासून पोझेचा सराव रोज करून घेतात, आणि तोही पुष्कळदा आरशाकडे पाठ करून. मंचावर आरसा नसतो.