मारुती 800 चं हेड घासलं की पिकअप खरंच वाढतो का?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं म्हणजे गोदाकाठ सोडून बालाघाटच्या पठारावर चढायचं. त्यात मे महिना, पारा चाळिशीच्या वर, गाडीत चार माणसं आणि गाडी जुनी मारुती 800. चढ लागला की गियर खाली टाकावा लागतो, आणि मालकाच्या डोक्यात गॅरेजचा विचार सुरू होतो. तिथे किंवा एखाद्या रीलवर एक सल्ला मिळतोच: "हेड घासून घ्या, कॉम्प्रेशन वाढतं, गाडी पळते."

सल्ला खोटा नाही. पण गाडी नेमकी किती पळते, हे गणितातच कळतं.

800 च्या एफ8बी इंजिनात तीन सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास 68.5 मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक 72 मिलिमीटर. एका सिलिंडरचे साधारण 265 सीसी, तिन्ही मिळून 796. पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते, ती साधारण 34.5 सीसी. म्हणजे पिस्टन खाली असताना 300 सीसीत पसरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण 34.5 सीसीत दाबलं जातं. 300 ला 34.5 ने भागा, उत्तर 8.7. कार्ब्युरेटरवाल्या 800 चा कॉम्प्रेशन रेशो हाच, 8.7:1.

आता हेड अर्धा मिलिमीटर घासलं, तर वरची जागा फार तर 1.8 सीसीने कमी होते आणि रेशो 9.1 च्या आसपास जातो. जास्त दाबलेलं मिश्रण जळताना जास्त काम देतं, हे खरं. पण पुस्तकी सूत्राने या बदलाचा फायदा सव्वा टक्का निघतो. 37 हॉर्सपॉवरच्या गाडीला तो मिळतो अर्धा हॉर्सपॉवर. एवढ्यासाठी इंजिन उघडायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बदल्यात येतं नॉकिंग. मिश्रण दाबलं की तापतं. ठिणगीने एका बाजूने पेट घेतला की ज्वाला पोचायच्या आत उरलेलं मिश्रण कोपऱ्यात आपोआप भडकतं. चढाला मोठ्या गियरवर ॲक्सिलरेटर दाबल्यावर धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो, तो हाच. बाहेरची हवाच तापलेली असेल तर धोका आणखी वाढतो. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन सांभाळतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते काम ड्रायव्हरच्या कानांचं. दुर्लक्ष केलं तर पिस्टन आणि हेड गॅसकेटला झळ बसते.

माझदाने आपल्या काही पेट्रोल इंजिनांत 14:1 पर्यंत रेशो नेला आहे, असं कुणी सांगेल. बरोबर. पण त्यासाठी त्यांनी थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारलं, पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्टचे पाइप नव्याने आखले. नुसतं हेड घासलं नाही.

खरा घोळ शब्दाचा आहे. मेकॅनिक "गाडीचं कॉम्प्रेशन गेलं" म्हणतो, तेव्हा तो रेशोबद्दल बोलत नसतो. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसेनात की दाब गळतो. रेशो तोच, पण दाब टिकत नाही. प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन टेस्ट केली की हे कळतं. एखादा सिलिंडर बाकी दोघांपेक्षा बराच कमी दाखवत असेल तर पिकअप तिथेच गेलाय. दुरुस्तीने परत येणारी ताकद अर्ध्या हॉर्सपॉवरपेक्षा कितीतरी जास्त असू शकते, म्हणून आधी ही टेस्ट.

आपल्याकडे रेशो नकळतही वाढतो. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी घातलं की आत क्षार धरतात, इंजिन तापतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅसकेट उडते. मग सपाट करायला हेड घासावंच लागतं. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे रेडिएटरसाठी वेगळं पाणी घ्या म्हणणं जरा जड जातं. पण कूलंटचा डबा हेडच्या कामापेक्षा स्वस्तच.

ई20 पेट्रोल आल्यावर नवा युक्तिवाद सुरू झाला: इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, मग रेशो वाढवायला काय हरकत? पेट्रोलियम मंत्रालयाच्या ऑगस्ट 2025 मधल्या स्पष्टीकरणानुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन 91 होता, ई20 मुळे तो 95 वर गेला. नॉकिंगला हा अटकावच आहे. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि कार्ब्युरेटरला ते कळत नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. शिवाय जुन्या रबरी नळ्या या इंधनासाठी बनलेल्याच नाहीत. आधी त्या बदलाव्यात आणि जेट तपासून घ्यावं.

आणि "मोठं इंजिनच टाकू" असं कुणी म्हणत असेल, तर आरसीवर सीसी छापलेले असतात. परवानगीशिवाय वेगळ्या प्रकारचं इंजिन बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतं, मग गाडी एमएच 24 असो की एमएच 26.

हेड घासणं टळणारच नसेल तर लेथवाल्याला विचारा, किती मिलिमीटर काढलं? तो आकडा बिलावर लिहून घ्या. कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे गेलं असेल तर हेड बदलणंच बरं. आणि मर्यादेत असलं तरी जोडणी झाल्यावर ठिणगीचा टायमिंग पुन्हा तपासून घ्या.