निकाह ठरला, पण राहायचे कुठे?

मुलाचा निकाह ठरला की घराचा प्रश्न आधी उभा राहतो. प्रशस्त घर आणि चांगला शेजारी यांची गणना हदीसमध्ये माणसाच्या सुखात केली आहे. मग हे सुख इतके महाग का झाले?

उत्तर जासईत सापडते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईचेच दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

जमीन एका हाती असली की घरे कुठे, गोदामे कुठे, मजले किती, हेही तिथेच ठरते. भूखंड निविदेने चढ्या बोलीला जातात. ती बोली शेवटी घराच्या किमतीत उतरते. गावठाणाची हद्द मात्र जुनीच. कुटुंब वाढले म्हणून हद्दीबाहेर बांधलेली खोली ‘अनधिकृत’ ठरते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबईचा खरेदीदारही दारात आला. व्याजाचे कर्ज टाळू पाहणाऱ्यांची अडचण तर दुप्पट.

आम्ही एवढेच सुचवतो: प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की कायद्याने हरकती-सूचना मागवल्या जातात. तेव्हा गप्प बसू नये. शेजाऱ्याला सोबत घेऊन, मग तो कोणत्याही धर्माचा असो, मुदतीत लेखी अर्ज द्यावा.