शेजारी आलेलं तंबूंचं गाव



यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, आमच्या घराजवळच्या चर्चमध्ये बेघर लोकांची छावणी येणार आहे म्हणे. विरोधाचा अर्ज फिरतोय. सही करू का?" तिची दोन लहान मुलं त्याच रस्त्यावरून शाळेच्या बसला जातात. तिचा प्रश्न मला मुळीच वावगा वाटला नाही, कारण काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच अर्ज आला तेव्हा मी सही केली होती. नंतर जे पाहिलं आणि शिकले, ते तिला दहा मिनिटांत सांगता येईना. म्हणून हा लेख.

ही छावणी म्हणजे नक्की काय?

सिएटल भागात तिला 'टेंट सिटी' म्हणतात. पुलाखाली आपोआप उभ्या राहणाऱ्या तंबूंपेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. 'शेअर' आणि 'व्हील' या बेघर लोकांनीच चालवलेल्या दोन संघटनांनी २००० साली सिएटलमध्ये 'टेंट सिटी ३' सुरू केली. २००२ मध्ये न्यायालयात सिएटल शहराशी तडजोड झाली आणि तिला अटींसह मान्यता मिळाली. पुढे २००५ मध्ये सिएटल युनिव्हर्सिटीने आणि २०१६-१७ च्या हिवाळ्यात युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने तिला आपल्या आवारात जागा दिली.

आपल्या बाजूला, म्हणजे लेक वॉशिंग्टनच्या पूर्वेला, 'टेंट सिटी ४' मे २००४ मध्ये आली. काउंटीने आधी बॉथेलजवळची सरकारी जागा ठरवली होती, पण शेजाऱ्यांनी इतका विरोध केला की तो बेत सोडावा लागला. मग बॉथेलच्या सेंट ब्रेंडन चर्चने तिला आपल्या आवारात बोलावलं. त्यानंतर वुडिनव्हिल, कर्कलंड, बेलव्ह्यू, रेडमंड अशी ती फिरत राहिली. २०१२ मध्ये तिच्यातूनच 'कँप युनिटी ईस्टसाइड' ही वेगळी छावणी निघाली.

एका ठिकाणचा मुक्काम साधारण ९० दिवसांचा आणि माणसं जास्तीत जास्त शंभर, असा तेव्हाचा शिरस्ता. मुदत संपली की तंबू, फळ्या, स्वयंपाकाचं सामान सगळं ट्रकवर चढवायचं आणि पुढच्या चर्चच्या आवारात उतरवायचं. मला पहिल्यांदा आपल्या वारीतल्या मुक्कामांचीच आठवण झाली. पण वारकऱ्याला परत जायला घर असतं. इथे तेच नसतं.

आतला कारभार

आत शिरताना ओळखपत्र दाखवावं लागतं. लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाव आहे का, अटकेचं वॉरंट आहे का, हे तपासलं जातं. दारू, अमली पदार्थ, शस्त्रं आणि मारामारी यांना मनाई आहे. रात्री शांततेची वेळ ठरलेली असते. चोवीस तास पहारा असतो आणि तो तिथे राहणारेच पाळीपाळीने देतात. पाळी चुकवली तर जाब द्यावा लागतो. दर आठवड्याला सगळ्यांची बैठक होते, कामं वाटली जातात, कारभारी निवडले जातात. आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेपेक्षा तिथली हजेरी चांगली असते, हे मी थट्टेने लिहीत नाही!

"मग हे लोक निवाऱ्याच्या इमारतीत का जात नाहीत?" हा प्रश्न मीही विचारला होता. पहिलं कारण म्हणजे जागा पुरत नाहीत. जानेवारी २०२४ च्या सरकारी मोजणीत देशभरात ७ लाख ७१ हजारांहून जास्त लोक बेघर होते. दुसरं असं की पुष्कळ निवाऱ्यांमध्ये नवरा-बायकोला वेगळं राहावं लागतं, कुत्रा नेता येत नाही आणि सकाळी सगळं सामान घेऊन बाहेर पडावं लागतं. रात्रपाळी करणाऱ्याला निवाऱ्याच्या वेळा जमत नाहीत. होय, इथल्या बऱ्याच जणांना नोकरी असते. पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट एकदम भरण्याइतके पैसे मात्र साठत नाहीत. या भागात भाडी का वाढली, हे आपल्यासारख्या कंपन्यांच्या पगारावर आलेल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

हा भाग नीट वाचा, कारण आमची चूक इथेच झाली. आम्हाला वाटत होतं की पुरेशा सह्या जमल्या की शहर नाही म्हणेल. तसं नाही. वुडिनव्हिल शहराने २००६ मध्ये एका चर्चचा छावणीसाठीचा अर्जच घेतला नव्हता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला. २०१० मध्ये राज्याने कायदाच केला: धार्मिक संस्थेला आपल्या जागेवर बेघरांना आसरा देता येतो आणि शहराला आरोग्य व सुरक्षिततेसाठी लागतील तेवढ्याच अटी घालता येतात. २०२० मध्ये त्यात भर पडली. जाहीर आणीबाणी सोडली, तर छावणी उघडण्याआधी शेजाऱ्यांसाठी खुली सभा घेणं आता बंधनकारक आहे.

दुसरीकडे, जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास खटल्यात सार्वजनिक जागेवर झोपणाऱ्यांना दंड करण्याची मुभा शहरांना दिली. त्यामुळे अशा खाजगी आवारांची किंमत आणखीनच वाढली आहे.

थोडक्यात, छावणी "यावी की नाही" यापेक्षा ती "कशी असावी" या प्रश्नावर शेजाऱ्यांच्या शब्दाला जास्त वजन असतं.

आमची सभा

आमच्या वेळी चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. पहिला तासभर नुसता आरडाओरडा. मग एका आजोबांनी कागद काढून मुद्दे लिहायला सुरुवात केली. शाळेची बस जिथे थांबते त्या बाजूला छावणीचं दार नको. पोर्टेबल टॉयलेट, ज्यांना इथे सगळे 'हनी बकेट' म्हणतात, ती कुंपणापासून लांब हवीत. गाड्या चर्चच्या आवारातच लावाव्यात. चोवीस तास उचलला जाईल असा एक फोन नंबर सगळ्या घरांना द्यावा. छावणीच्या वतीने आलेल्या बाईंनी एकेक मुद्दा मान्य केला. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हाला आमची भीती वाटते हे मला कळतं. आम्हालाही रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची भीती वाटते. आमच्या तंबूला कडी नसते."

मी त्या रात्री सही मागे घेतली वगैरे नाही. ती तशीच राहिली. पण तो फोन नंबर तीन महिने आमच्या फ्रिजवर होता आणि मी तो एकदाच फिरवला, तोही किती जणांचा स्वयंपाक आणू हे विचारायला.

देताना काय चुकतं

आमच्या गटाने उत्साहात पहिल्यांदा नेल्या त्या गोधड्या! सुती गोधडी सिएटलच्या पावसात भिजली की आठवडाभर वाळत नाही, आणि ओली गोधडी तंबूत ठेवली की बुरशी. त्यांनी आभार मानून घेतल्या, पण त्यांना हवे होते लोकरी मोजे, ताडपत्री, बॅटरीचे सेल, बसची तिकिटं आणि तंबूखाली घालायला लाकडी पॅलेट. तेव्हापासून नियम केला: आधी फोन, मग खरेदी.

जेवणाचंही तसंच. तिथे बहुतेक संध्याकाळी कुठला तरी गट जेवण आणतो. वार आधी ठरवून घ्यावा आणि स्वयंपाक कुठे केलेला चालेल हे यजमान चर्चला विचारावं. आम्ही चर्चच्याच स्वयंपाकघरात करत होतो. गरम पदार्थ वाढेपर्यंत १३५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि थंड पदार्थ ४१ च्या खाली ठेवावे लागतात, म्हणून थर्मामीटर जवळ ठेवा. आपल्या स्वयंपाकात एक धोका हमखास असतो, तो म्हणजे शेंगदाण्याचं कूट. कोशिंबिरीत, भाजीत ते कुठेही असतं आणि आपल्याला आठवतही नाही. एक तर घालू नका, नाहीतर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बऱ्याच जणांचे दात दुखत असतात, त्यामुळे मऊ भात, राजमा, आमटी, शिरा हे पहिल्यांदा संपतं. "काही झालं तर आपल्यावर केस होईल का?" अशी शंका आमच्याकडेही निघाली होती. सद्भावनेने संस्थेला अन्न देणाऱ्यांना १९९६ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षण दिलेलं आहे. अर्थात म्हणून निष्काळजीपणा चालतो असं नाही.

सगळं गोडच होतं का?

नाही. एका रात्री दारू पिऊन आलेल्या एका तरुणाला छावणीनेच बाहेर काढलं. नियम तो नियम. आम्हा शेजाऱ्यांना बरं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी मुलाने विचारलं, "मग तो झोपला कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अशा छावणीत कोणाचा बेघरपणा संपत नाही. खरं घर मिळेपर्यंत रात्र सुखरूप काढायची सोय, एवढंच तिचं काम. ते ती करते.

नव्वद दिवसांनी सामान ट्रकवर चढलं, तेव्हा अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी निदान चार घरं पॅलेट उचलायला आली होती. गवतावर पिवळे चौकोन राहिले होते. उन्हाळ्यात तेही भरून आले.

तर माझ्या मैत्रिणीला आणि तुम्हा सर्वांना सांगणं इतकंच, की सही करायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पण सभेला जा, आणि मुलांच्या बसचा मुद्दा तिथे उभं राहून मांडा. तो ऐकला जाईल. आणि एक विचार मनात ठेवा: कायद्यातला शब्द 'चर्च' नाही, 'धार्मिक संस्था' आहे. त्यात आपली देवळंही येतात. उद्या कोणी आपल्या देवळाच्या पार्किंगची जागा मागितली, तर आपण काय उत्तर देणार? पुढच्या मंडळाच्या बैठकीत यावर बोलूया.

आपली,
मंडळाची एक सभासद